गोळीची वेळ

मिस्टरांच्या हर्नियाचं ऑपरेशन पेणला करायचं ठरलं, तेव्हा रोह्यात जो तो विचारत होता, ‘मेडिक्लेम आहे ना?’ मेडिक्लेम आहे. मला घोर होता तो गोळ्यांच्या वेळांचा, आणि तो कुणाला पटत नव्हता.

ह्यांना पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी ६:३०, १०:३०, दुपारी २:३० आणि संध्याकाळी ६:३०. उशीर झाला की पाय जमिनीला खिळतात, बटण लागत नाही, घास गिळवत नाही. वॉर्डात मात्र गोळ्या ट्रॉलीबरोबर येतात. ‘काकू, तासभर मागंपुढं झालं तर काय बिघडतं?’ असं सिस्टर म्हणाल्या. बिघडतं. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या संघटनेला २००६ साली एवढ्याच मागणीसाठी मोहीम काढावी लागली, की इस्पितळात आमची गोळी वेळेवर द्या. तिथे अर्ध्या तासाच्या आत द्यावी असं मानतात. गोळी अचानक बंद झाली तर अंग ताठून ताप चढतो, जिवावर बेततं.

म्हणून आमची तयारी कपड्यांपासून नव्हे, गोळ्यांपासून झाली. पुड्या नाहीत, मूळ पाकिटंच घेतली, कारण ११० आणि १२५ या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. दोन्हीत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅमच. कार्बिडोपा एकीत १०, दुसरीत २५. मेडिकलवाला ‘सेमच आहे’ म्हणत हातावर ठेवतो, आणि मला दरवेळी तेच समजावावं लागतं. गोळी आणि पाण्याची बाटली माझ्या पर्समध्ये, डिकीत नाही. वडखळला गाडी अडकली की गोळीची वेळ रस्त्यातच येते.

फाईलवर लाल पेनाने लिहिलं: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, रात्री बडबडले तर हॅलोपेरिडॉल नको. मेंदूत आधीच कमी असलेल्या डोपामिनचं काम ही औषधं अडवतात. आणि ‘रात्री बारानंतर पोटात काही नको’ म्हणाल्यावर भूलतज्ज्ञांना गाठून विचारलं. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्या, असं त्यांनी स्वतः केसपेपरवर लिहिलं. ते लिहिलेलं नसतं तर ती गोळी मिळाली नसती.

बाकीचा त्रास बारीक, पण दिवसभराचा. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात, आकडा नाचतो, मग ‘काका, हात हलवू नका’ म्हणतात. हात न हलवणं हातात असतं तर आम्ही तिथे चार वेळांचा तक्ता घेऊन बसलो नसतो. संमतीपत्रावर ह्यांची सही मुंगीएवढी आली. या आजारात अक्षर बारीक होत जातं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आधार कार्डासारखी करा. तीनदा करायला लावली, आणि दर वेळी ती आणखी लहान होत गेली. ह्यांचा चेहरा हलत नाही, म्हणून त्याला वाटलं काकांना काही लागत नाही. लागलं होतं. मी शेजारीच उभी होते.

१०:३० च्या गोळीबरोबर दूध आलं, ते मी बाजूला ठेवलं. प्रथिनांमुळे गोळी नीट शोषली जात नाही, दूध तासाभराने चालतं. मावशींना वाटलं मी नखरे करते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर याच गोळीपुढे १-०-१ लिहिलेलं होतं. गाडी खाली थांबली होती, मुलगा घाई करत होता. मी हलले नाही. ते खोडून चारही वेळा लिहून, डॉक्टरांची सही घेऊनच खाली उतरले.