डोकं दुखतंय? सांधे दाखवा!

समिती नेमावी तर एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने. आपल्याकडेही प्रकरण थंड व्हावं म्हणूनच समित्या नेमतात, पण मधूनच एखादा खमक्या न्यायमूर्ती निघतो आणि खरोखरच अहवाल देऊन मोकळा होतो. एनएफएलच्या शेठ लोकांनी ती जोखीमच घेतली नाही. खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या ‘सौम्य’ इजांचा अभ्यास करायला १९९४ साली समिती बसली आणि अध्यक्ष झाले डॉ. इलियट पेलमन. मेंदूचे डॉक्टर? छे हो, संधिवाताचे. शिवाय न्यूयॉर्क जेट्स संघाचेही डॉक्टर, म्हणजे घरचेच. इजा सौम्य असते हे नावातच ठरून गेलं होतं, अभ्यास तेवढा राहिला होता.

तोही यथासांग झाला. शोधनिबंधांची चळत लागली. डोक्याला मार बसलेला खेळाडू त्याच सामन्यात पुन्हा उतरला तरी फारसा धोका नाही, असं त्यातून निघालं. एवढं दिलासा देणारं संशोधन आमच्या पाहण्यात नाही.

आता हेल्मेट असताना मेंदूला धक्का बसतोच कसा, असा प्रश्न पडला असेल तर सुकलेला नारळ कानाशी धरून हलवून बघा. करवंटीला चरा नसतो, आत गोटा मात्र खुळखुळत असतो. हेल्मेटने कवटी फुटायची वाचते, आतल्या मेंदूचं हलणं थांबत नाही. आणि प्रश्न एखाद्या मोठ्या आघाताचाही नाही. भोवळसुद्धा येत नाही असे हजारो छोटे धक्के वर्षानुवर्षं साठत जातात, मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन गोळा होतं आणि माणूस हळूहळू विझत जातो. या आजाराला सीटीई म्हणतात. संघमालकांच्या दृष्टीने यात मोठी सोय अशी की पक्कं निदान मेल्यावरच, मेंदू कापून होतं. तक्रारदार हयात असेपर्यंत पुरावा नाही; पुरावा मिळतो तेव्हा तक्रारदार नाही.

माइक वेब्स्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्स संघात सेंटरच्या जागी खेळणारा, सुपर बोल हा अंतिम सामना चारदा जिंकलेला. निवृत्तीनंतर हा गडी आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा आणि पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. १९९९ साली एनएफएलच्याच निवृत्तिवेतन मंडळाने लिहून दिलं की फुटबॉल खेळताना डोक्याला बसलेल्या मारामुळे याला अपंगत्व आलं. त्याच वेळी शेजारच्या खिडकीवर संधिवातवाले डॉक्टर सांगत होते, असं काही होत नसतं. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. एका टेबलावर अर्ज मंजूर होतो आणि दुसऱ्या टेबलावर कळतं, अशी योजनाच नाही.

२००२ साली वेब्स्टर पन्नाशीतच वारला. शवचिकित्सा बेनेट ओमालू नावाच्या डॉक्टरकडे आली. हे नायजेरियाचे, वेब्स्टर कोण हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि अशा माणसापासून नेहमीच जपून राहावं. मेंदू वरून ठीकठाक दिसत होता. तरी या गृहस्थाने पदरमोड करून पातळ काप काढायला लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातले, तर आत टाऊ साठलेलं, म्हणजे सीटीई. २००५ मध्ये निबंध छापून आला. समितीने तत्परतेने नियतकालिकाला पत्र धाडलं : हा निबंध मागे घ्या. संधिवाताचा मेंदूवरचा अधिकार यापेक्षा ठणकावून कोणी सांगितला नसेल. पुढे २००७ साली समितीतल्या डॉ. कॅसन यांना टीव्हीवर, डोक्याला बसणारे मार आणि मेंदूचा आजार यांचा संबंध आहे का, असं फिरवून फिरवून विचारलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हटलं. लोकांनी त्यांचं बारसं केलं, ‘डॉक्टर नो’.

२०१६ मध्ये एनएफएलचा एक अधिकारी अमेरिकन काँग्रेससमोर अखेर ‘हो, संबंध आहे’ म्हणाला. समिती बसल्याला बावीस वर्षं झाली होती. तोवर माजी खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात तडजोडही झाली होती. २०१३ मध्ये ठरलेला आकडा होता ७६.५ कोटी डॉलर. न्यायाधीशबाईंना तो पुरेल असं वाटेना, म्हणून पुढे मर्यादाच काढावी लागली. पण पैसे देणारा हिशेबाचा पक्का! कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी धरायची, म्हणजे ती घसरली हे सिद्ध करणं त्याला तितकंच अवघड, असं गणित भरपाईच्या तपासणीत वापरलं जात होतं. २०२१ मध्ये बोभाटा झाला तेव्हा ते सोडायचं कबूल झालं.

भवितव्य मात्र उज्ज्वल आहे. हेल्मेटवर आता गार्डियन कॅप नावाची मऊ टोपी चढवतात. २०२४ पासून ती सामन्यातही चालते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे, त्यात माणूस आडवा करायचा नाही, कमरेची पट्टी ओढायची. आणि खेळाडूंच्या डोक्याची इतकी काळजी वाहणाऱ्या एनएफएलने २०२१ मध्ये मोसमातले सामने १६ वरून १७ केले. अठराव्याची बोलणी चालू आहेत.

आपण क्रिकेटवाले यात हसण्यापलीकडे कशाला पडा? पण ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंज्यात इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. डोक्याला मार बसल्यावर मिळणारा बदली खेळाडू म्हणून त्याच्या जागी हर्षित राणा आला, तीन बळी घेऊन गेला आणि भारत १५ धावांनी जिंकला. मग वाद पेटला. दुबेचं डोकं कसं आहे यावर नव्हे. दुबे अधूनमधून टाकणारा मध्यमगती, राणा चांगला वेगवान, मग नियमाला हवा तसा हा बदली ‘त्याच्यासारखाच’ कसा, यावर.