पाटी लागली म्हणून घर झालं?

"काकू, कपडे मागाहून वाळत घाला, आधी इकडे या. कोपऱ्यावरच्या घराला पाटी लागली, बघितलीत? आमच्या धाकट्या भावजींनीच घेतलं ते!"

"अरे वा! पण पाटी नीट वाचलीस का? 'सोल्ड'च्या खाली 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' लिहिलेलं असतं."

"असेल. म्हणून काय झालं? ऑफर मान्य झालीये. सासूबाईंनी तिकडे पुण्यात पेढेसुद्धा वाटले."

"त्यांचं बरोबर आहे, विसार दिला की घर झालं अशी त्यांची समजूत. पण हे रेडिंग आहे. इथे करारांची अदलाबदल, म्हणजे तो एक्स्चेंज, होईपर्यंत कुणी कुणाला बांधील नाही. 1989 चा कायदाच आहे, घराजमिनीचा करार लेखी आणि सहीनिशीच हवा. उद्या कुणी पाच हजार पौंड जास्त देऊ केले तर मालक खुशाल त्याच्याकडे वळेल. गॅझम्पिंग म्हणतात त्याला."

काकूंचं ऐकावं लागतं. निवृत्त होईपर्यंत त्या इथल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसातच होत्या. गल्लीतल्या निम्म्या घरांचे कागद त्यांच्या टेबलावरून गेलेत, असं त्या स्वतःच सांगतात.

"मग पक्कं कधी समजायचं?"

"एक्स्चेंजला. तेव्हा साधारण दहा टक्के डिपॉझिट द्यायचं. त्यानंतर मन बदललं तर ते गेलं म्हणून समज. आणि त्याच दिवसापासून घराचा विमाही आपण उतरवायचा, कारण जोखीम सहसा घेणाऱ्यावर येते. चावी मिळते कम्प्लीशनला, आठवड्या-दोन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत छप्पर उडालं तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. बरं, सॉलिसिटर कोण धरलाय?"

"एजंटने सुचवला तोच. सोपं पडतं म्हणाला."

"कुणाला सोपं? गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल एजंटला पुष्कळदा पैसे मिळतात. किती मिळतात ते तोंडावर विचारायचं, सांगावंच लागतं त्यांना. दोन-तीन ठिकाणचे दर मागवा. सॉलिसिटरच पाहिजे असंही नाही, लायसन्स्ड कन्व्हेअन्सरही हेच काम करतात."

"भावजी आधीच वैतागलेत त्याच्यावर. बँकेची स्टेटमेंटं आणा, मामंजींनी पाठवलेले पैसे कुठून आले ते दाखवा. आम्ही काय चोर आहोत?"

"सगळ्यांनाच विचारतात गं. मनी लाँडरिंगच्या नियमांखाली त्यांना विचारावंच लागतं. मामंजींनी एफडी मोडली का?"

"हो, आणि बँकेतूनच पाठवले. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे ना, तिच्या आत."

"मग घाबरायचं कशाला? एफडी मोडल्याचा कागद, पैसे पाठवल्याचा कागद, आणि ही भेट आहे, घरात हिस्सा मागणार नाही, असं मामंजींच्या सहीचं पत्र द्या. तिकडे अडून बसलात तर तुमचंच काम लांबेल. आता खरं सांग, वाकडच्या फ्लॅटचं सांगितलंय का त्याला?"

"तो फ्लॅट? तो तर इंडियात. त्याचा इथे काय संबंध?"

"बघ! आपल्या लोकांची गाडी नेमकी इथेच अडते. पहिलं घर म्हणजे जगात कुठेही पहिलं. वाकडचा फ्लॅट आहे म्हटल्यावर स्टॅम्प ड्यूटीत पहिल्या घराची सवलत नाही. वर दुसरं घर धरून पाच टक्के जास्त. त्यांच्या हिश्शाची किंमत चाळीस हजार पौंडांच्या आत असती तर गोष्ट वेगळी."

"पण तो एकट्या भावजींच्या नावावर आहे. घर जाऊबाईंच्या नावावर घेतलं तर?"

"जास्तीच्या पाच टक्क्यांसाठी एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला एकच धरतात. तुझ्या आधी हजारांनी काढलीये ही युक्ती. घर केवढ्याचं?"

"साडेचार लाख पौंड."

"मग धर हिशेब. खरोखर पहिलं घर असतं तर साडेसात हजार. एप्रिल 2025 पासूनच्या दराने आणि जास्तीचे पाच टक्के धरून होतात पस्तीस हजार."

"पस्तीस! काकू, त्यांनी एवढे बाजूलाच काढले नाहीयेत."

"म्हणून तर म्हणते, आत्ता कळलेलं बरं. एक्स्चेंजनंतर कळलं तर कुठून आणणार?"

"त्यात ते घर म्हणजे नुसती कटकट. मालकाचं आणि बाजूच्यांचं त्या लेलँडीच्या झाडांवरून केवढं वाजलं होतं, आठवतं?"

"मालकाने टीए सिक्स फॉर्म भरलाय ना, त्यात शेजाऱ्यांशी झालेले वाद विचारलेले असतात. जपानी नॉटवीड आहे का तेही. खोटं लिहिलं तर पुढे त्याच्यावर दावा होऊ शकतो. तुझ्या दिरांना म्हणावं, तो फॉर्म ओळीओळीने वाचा. मागची खोली वाढवलीये तिचं बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट मागा. सॉलिसिटर घर बघायला येत नाही हो, तो कागद बघतो. ओल आणि तडे बघायला आपला सर्व्हेअर लावायचा. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेच्या सोयीचं, आपल्या नव्हे."

"आणि डावीकडचं कुंपण आपलं असतं ना?"

"कुणी सांगितलं? असा नियमच नाही. नकाशावर इंग्रजी टीची खूण असली तर ती ज्याच्या बाजूला त्याची जबाबदारी. नसली तर जुने दस्त चाळायचे. लँड रजिस्ट्रीच्या नकाशातली रेघसुद्धा ढोबळच असते, तिच्यावर फूटपट्टी ठेवून भांडू नये."

"मग हे आपलं मधलं?"

"हे माझं. वादळात पडलं तेव्हा खर्च कुणी केला, विसरलीस?"

"नाही हो. बरं, घर दोघांच्या नावावर घेणारेत. त्यात काही ठरवायचं असतं?"

"असतं तर! जॉइंट टेनंट्स म्हणून घेतलं तर एकाच्या पश्चात सगळं आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही असो. टेनंट्स इन कॉमन म्हणून घेतलं तर हिस्से वेगळे, आणि आपला हिस्सा कुणाला द्यायचा ते मृत्युपत्रात लिहिता येतं. मामंजींचे पैसे इतके आहेत म्हटल्यावर नवरा-बायकोने हे आधीच नीट बोलून घ्यावं."

"जाऊबाईंसमोर हे मी काढू? घरात महाभारत होईल."

"तू नको काढू. सॉलिसिटरला काढू दे, त्यासाठीच पैसे घेतो तो. आणि एक, पैसे भरायच्या आदल्या दिवशी 'आमचं बँक खातं बदललंय' असा ईमेल आला तर त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही. पहिल्या दिवशी घेतलेल्या नंबरवर करून विचारायचं. अशा एका ईमेलवर लोकांची जन्माची कमाई गेलीये."

"आता आधी काय करू? भावजींना काय सांगू?"

"आजच सॉलिसिटरला लेखी कळवा म्हणावं, वाकडला फ्लॅट आहे. कम्प्लीशननंतर चौदा दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न जातं. भरतो सॉलिसिटर, पण त्यातली माहिती चुकीची निघाली तर दंड घर घेणाऱ्यालाच बसतो."