लायपार्ड आला रे आला

भारतात पोकेमॉन गो अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, बाकी जगात धुमाकूळ घालून झाल्यावर. तेव्हा मोबाईल पुढे धरून रस्त्यारस्त्याने हिंडणारी बहुतेक माणसं काही महिन्यांत बरी झाली. माझं दुखणं जुनाट निघालं. चाळिशीला टेकलेला, शर्टाचं पोटावरचं बटण जिवाच्या करारावर टिकवून धरलेला मी अजूनही खेळतो. बायकोने हे स्वीकारलंय. घोरण्याबद्दल तिने काही म्हणायचं सोडलं, त्याच सुमारास.

निमगाव सावाला माझी बहीण दिलीय. तिचा नववीतला मुलगा माझा एकमेव शिष्य. कोणता पोकेमॉन कोणाला हरवेल, हे बाळबोध प्रश्न आम्ही तोंडीसुद्धा लावत नाही. आमचा अभ्यास वरच्या इयत्तेचा. हा प्राणी असाच का काढला, आणि त्याचं हे नाव आलं कुठून? एकान्स उलटा वाचला की स्नेक होतो. तो मोठा होऊन आर्बोक झाला की उलटा कोब्रा, फक्त 'सी'च्या जागी 'के'. हिटमनली म्हणजे ब्रूस ली, हिटमनचॅन म्हणजे जॅकी चॅन. पण जपानीत त्याच दोघांची नावं तिथल्या सावामुरा नावाच्या किकबॉक्सरवरून आणि एबिहारा नावाच्या बॉक्सरवरून घेतलेली. पिकाचू काढला अत्सुको निशिदा यांनी. 'पिका' ही जपानीत चमक आणि 'चू' हा उंदराचा आवाज. गाल मात्र त्यांना खारीवरून सुचले.

हे सगळं मी एकदा बहिणीच्या सासऱ्यांना, तात्यांना सांगितलं. त्यांनी पिकाचू नीट निरखला आणि म्हणाले, "उंदीर पिवळा असू द्या पाव्हणं, पण कांद्याच्या बराखीत शिरला तर आम्ही चमक नाही बघत बसणार."

त्या भाऊबीजेला आमच्यापुढचा वाद होता लायपार्डचा. २०१० साली जपानात आलेल्या ब्लॅक अँड व्हाइटमधला हा पाचशे दहाव्या क्रमांकाचा पोकेमॉन. जांभळा बिबट्या, अंगावर पिवळे ठिपके, शेपटीचं टोक विळ्यासारखं वळलेलं. आधी तो पर्लॉइन नावाची चोरटी मांजर असतो. ती लोकांच्या वस्तू लांबवते आणि इतकी गोड दिसते की ज्याचं गेलं तोच तिला माफ करतो. (अशी एक मांजर बहिणीकडे आहे. दुधाच्या बाबतीत तिला माफी नाही.) माझं ठाम मत, लायपार्डमधला 'लाय' म्हणजे खोटं बोलणं, कारण तो आधीच्या जन्मी लबाड मांजर होता. भाचा म्हणायचा, 'लाय'चा दुसरा अर्थ पडून राहणं, म्हणजे दबा धरणं. मी त्याला वयाचा धाक घालून गप्प करत असे. सिद्धांताला दुसरा आधार नव्हता.

आता निमगावात बिबट्यावर वाद घालणं म्हणजे काय, हे जुन्नरकरांना वेगळं सांगायला नको. कुकडीचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या. कालवडी, कुत्री, शेळ्या तर गेल्याच. तालुक्यात माणसं गेली, लेकरं गेली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, तरी रात्रीची लाईट आली की पाणी भरायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी आणि काठी असतेच. 'एकटे फिरू नका, वाकून किंवा बसून राहू नका' असा फलक मी त्याच सकाळी वाचला होता. मोठ्याने, भाच्याला समजावत.

संध्याकाळी ओवाळून झालं. दाजी कांद्याला पाणी द्यायला निघाले आणि मी म्हणालो, मीपण येतो. मला पाण्याशी देणंघेणं नव्हतं. पर्लॉइनचा लायपार्ड करायला पन्नास कॅंडी लागतात, माझ्या थोड्या कमी पडत होत्या आणि मोबाईलवर पर्लॉइनची सावली दिसत होती ती नेमकी उसाच्या कडेला. दाजी मोटारीकडे गेले. मी बांधावर उकिडवा बसलो, कारण पोकेबॉल फेकायला अंगठा स्थिर लागतो. एकटा, वाकलेला, बसलेला. फलकावरचं एकही कलम मी सोडलं नाही.

मांजर सापडली. कॅंडी पुऱ्या झाल्या. बटण दाबलं, पडदा पांढरा झाला आणि माझ्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदाच खर्जातून, आरोळी निघाली, "आला! लायपार्ड आला!"

शेजारच्या वस्तीवर इंग्रजी शाळेत जाणारा एक चुणचुणीत पोरगा होता. त्याने ऐकलेल्याचं तत्काळ भाषांतर केलं, "लेपर्ड! बिबट्या आला, बिबट्या!" दिवाळी असल्यामुळे दारूगोळा तयारच होता. आधी लवंगी, मग सुतळी बॉम्ब, मग पत्र्याचे डबे. चारी बाजूंनी बॅटऱ्यांचे झोत उसावर पडले आणि त्या गदारोळाने मलाही खरंच वाटलं की बिबट्या आला. मी पळालो. पाटात पडलो. उठून पुन्हा पळालो ते उसाच्याच दिशेने. दाजींनी ट्रॅक्टर आडवा घातला म्हणून थांबलो.

"कुठंय?" वीसेक माणसं धापा टाकत विचारत होती.

मी चिखलातून मोबाईल वर धरला. "हा काय."

त्यानंतर जे काही ऐकलं त्यातलं छापण्याजोगं फार थोडं. पण गाव मोठं रसिक. शिव्या आटपल्यावर तात्यांनी मोबाईल मागून घेतला, बाकीचे भोवती गोळा झाले आणि माझ्या आवडत्या विषयावर मी कधी ऐकली नव्हती इतकी जाणकार चर्चा ट्रॅक्टरच्या उजेडात सुरू झाली.

"वजन?"

"साडेसदतीस किलो. उंची एक पूर्णांक एक मीटर," मी नाक पुसत सांगितलं.

"मादी हाये. वजन बरोबर धरलंय गड्यांनी."

"जांभळी कशापायी?"

मी रात्र, अंधार, डार्क टाइप वगैरे सुरू केलं. एका म्हाताऱ्याने मध्येच थांबवलं. "रात्री ती जांभळी न काळी. दिसतच न्हाई. डोळं दिसत्यात, बास."

शेपटीवर मात्र एकमत झालं. तो विळा नव्हेच, कोयता. ऊसतोड सुरू झाली की बिबट्या उघड्यावर येतो, फडात पिल्लं सापडतात, मग शेपटीला कोयता नसेल तर काय असेल? जपानी चित्रकाराच्या मनात काय होतं कोण जाणे, पण इतकी चपखल उपपत्ती मी तरी कुठे ऐकली नव्हती. राहिलं नाव. मी चिखल निथळत दोन्ही पंथ मांडले, आणि खोटेपणाच्या बाजूने जरा जास्तच रेटून बोललो.

"खोटं?" तात्या म्हणाले. "आमची कालवड न्यायला आला तवा फडाच्या कडंला निपचित पडून होता. खोटं कधी बोलला नाय तो. आज रातच्याला खोटं बोलला असंल तर ते तुम्ही, पाव्हणं."

दबा पंथ बहुमताने विजयी झाला. भाच्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मी त्याच्या वयाचा असताना माझ्या मामाला दाखवलं असतं तर मार खाल्ला असता.

उन्हाळ्यात दाजींच्या पुतणीच्या लग्नाला गेलो. पंगतीत वाढपी ओरडला, "लायपार्ड मामांना जिलबी वाढा!" ओतूरकडच्या एका पाहुण्याने विचारलं, हे नाव कशावरून पडलं? पंगत कामाला लागली. एक म्हणाला, हे फॉरेस्टमधून रिटायर झालेत. दुसरा म्हणाला, छे, दरवेळी तोच जांभळा शर्ट घालतात म्हणून. पलीकडच्या पंगतीतल्या एका आजींना ऐकू जरा कमी येत होतं. त्यांच्या मते उलगडा सोपा होता, माझा लाही-पापडाचा धंदा. नाचणीचे मिळतील का, असं त्यांनी विचारलं.

भाच्याने तिथल्या तिथे दोन किलोची ऑर्डर घेतली.