बाणातल्या 'ण'च्या मारेकऱ्यास

प्रति,
पहिलीच्या रजिस्टरात माझे आडनाव लिहिणारे अज्ञात महोदय

विषय : एका अक्षराचा खून आणि त्याबद्दल आभार



तुमचे नाव मला ठाऊक नाही. तुम्ही शेंद्र्याच्या शाळेतून बदलून गेलात की निवृत्त झालात, गावात कुणाला आठवत नाही. तुमचे अक्षर मात्र मी कुठेही ओळखेन. निळी शाई, उजवीकडे कललेले, फार वळणदार. त्याच वळणात 2012च्या जूनमध्ये तुम्ही सोनवणेचे 'सोनवने' केलेत. बाणातला ण गेला, नळातला न आला. मी सहा वर्षांची होते, पाटीवर चिमणी काढत होते, त्यामुळे वेळेवर हरकत नोंदवली नाही. तेवढी चूक माझी.

तुमचा न हुशार निघाला. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर नाव इंग्रजीत, आणि इंग्रजीला न-ण सारखेच, म्हणून तिथे तो सापडलाच नाही. सापडला प्रवेशासाठीच्या जात पडताळणीत. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबांच्या शाळेचा जुना उतारा जोडला होता. त्यावर ठसठशीत 'सोनवणे'. आजोबा सोनवणे, वडील सोनवणे आणि मुलगी सोनवने! मोबाइलवर निरोप आला : त्रुटी. म्हणजे, पोरी, तू नक्की कुणाची?

मुहूर्तही तुम्ही काय साधलात! 8 जुलै 2024ला शासन निर्णय निघाला : आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ. बाबांनी पेढे आणले. जात वैधता मुदतीत आली नाही आणि मी खुल्या प्रवर्गात गेले. तिथला कटऑफ माझ्या डोक्यावरून गेला. पेढे आम्ही खाल्ले, वाया घालवायचे कसे?

मग वर्षभर एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर. त्याबद्दल तुमचे खरेच आभार. ज्या शेंद्र्यात सुट्या भागांची अख्खी मोटार जोडून बाहेर पडते, तिथे मला एक गोष्ट शिकायला मिळाली. लेबल आणि माल जुळला नाही, तर डबा लाल रॅकवर जातो. सुपरवायझर येतो, माल बघतो, लेबल बदलतो, डबा परत लाइनवर. याला रिवर्क म्हणतात. माल फेकून देत नाहीत हो! आणि डब्याला कुणी विचारत नाही की तू ज्या डब्याचा मुलगा आहेस त्याचा 1967 आधीचा उतारा दाखव.

माझ्या रिवर्कला जास्त वेळ लागला. आधी सांगण्यात आले, शाळा सोडल्यावर नोंद बदलत नाही. मग कुणीतरी माध्यमिक शाळा संहितेतला 26.4 हा नियम सांगितला. जालना रोडवरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात 2019 साली पूर्णपीठाने म्हटले आहे की उघड चूक असेल तर विद्यार्थी शाळेतून गेल्यावरही दुरुस्ती होऊ शकते. ज्या रस्त्याने मी रोज शिफ्टला जात होते, त्याच रस्त्यावर उत्तर होते. मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, आजोबांचा उतारा, बाबांची टीसी, 'साहेब मीटिंगला गेलेत', 'सोमवारी या'. सोमवारी मी सुट्टी टाकायची, म्हणजे रोज बुडायचा. रात्रपाळीहून येऊन सीईटीचा अभ्यास करायचा. त्रिकोणमिती मला अजून झोपेत दिसते.

नावासाठी झगडणे आमच्या शहराला नवे नाही. इथल्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978ला झाला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994ला. त्यात माणसे गेली, घरे जळाली. त्या लढ्याशी माझ्या एका अक्षराची बरोबरी करण्याइतकी मी खुळी नाही. शहराचेही नाव 2023मध्ये बदलले. माझ्याच फाइलमध्ये जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. त्याला कुणी त्रुटी म्हटले नाही.

आता मूळ मुद्दा. परवा आजीने कबुली दिली. मला शाळेत घालायला तीच आली होती. तुम्ही विचारले, आडनाव? ती म्हणाली, 'सोनवने'. आमच्याकडे पानी म्हणतात, लोनी म्हणतात, कोन म्हणतात. तुम्ही ऐकले तसे लिहिले. आजी रडवेली झाली, म्हणे माझ्याच जिभेने पोरीचं वर्ष खाल्लं.

महोदय, मराठीच्या वहीत 'पानी' लिहिले म्हणून माझा अर्धा मार्क कापला गेला होता. शेजारी लाल शाईत 'ण!' लिहिलेला होता, उजवीकडे कललेला, फार वळणदार. म्हणजे ण कुठे येतो हे तुम्हाला पक्के ठाऊक होते. आजीची जीभ निर्दोष आहे. गुन्हेगार तुम्हीच.

वैधता या मे महिन्यात आली. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मेकॅनिकलला नंबर लागला, शुल्क माफ.

आपली,
सोनवणे (बाणातला ण)

ता. क. रजिस्टरातली दुरुस्ती मी समोर उभी राहून पाहिली. न वर आडवी रेघ, वर ण, शेजारी सही आणि शिक्का. घड्याळ लावले होते. दीड मिनिट लागले.