एस्टिमेट पोचले, धन्य झालो

माननीय सर्व्हिस अॅडव्हायझर साहेब,



आपले एस्टिमेट पोचले. घरात सर्वांनी आळीपाळीने वाचले. आमची साधी हॅचबॅक वार्षिक सर्व्हिसिंगला आली होती. डाव्या चाकामागचा रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेय, हे आपल्याच वर्कशॉपमधल्या मुलाने दाखवले. तेवढ्यावरून आपण दोन्ही बाजूंचे अॅक्सल, चार बूट, ग्रीस, सगळ्याचे वेगवेगळे लेबर आणि 'कन्झ्युमेबल्स' एवढा संसार मांडलात, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

उजवा अॅक्सल का, असे विचारल्यावर आपण म्हणालात, "सर, जोडीनेच बदलायचे असतात." शॉक अॅब्सॉर्बर जोडीने बदलतात हे ठाऊक होते. अॅक्सलमध्येही एक गेला की दुसऱ्याने सती जायचे असते, हे आपल्यामुळे कळले.

मग ते चार बूट. नवी अॅक्सल असेंब्ली येते तीच मुळी दोन्ही टोकांना बूट चढवून, आत ग्रीस भरून. त्या बुटांवर आपण आणखी बूट कसे चढवणार, हे पाहायला आम्ही सहकुटुंब येऊ. लेबरचेही तसेच. चाक काढा, हबचा नट सोडवा, खालचा बॉल जॉइंट मोकळा करा, शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढा: आपल्याकडे बूट बदलायला आणि अॅक्सल बदलायला ही खटपट एकच. आपण दोन्हींचे लेबर लावलेत, म्हणजे शाफ्ट काढून, बसवून, पुन्हा काढणार असाल. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे ते प्रत्येक ओळीपुढे छापलेले आहे.

गंमत अशी की शाफ्ट ओढल्यावर जे लागते, ते या यादीत नाही. गिअर ऑइल थोडेफार सांडतेच, ते भरावे लागेल. तिथले ऑइल सील पाझरत असेल तर तेही याच वेळी बदलायचे. हबचा नट नवा घालायचा. ही किरकोळ मंडळी बहुधा अंतिम बिलात अचानक भेटणार असावीत.

शेजारच्या मिस्त्रींनी गाडी मैदानात नेली, स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि हळूहळू गोल फिरवली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. कटकट आवाज नाही. म्हणजे अॅक्सलच्या बाहेरच्या टोकाला, बुटाच्या आत असलेल्या जॉइंटमधले छर्रे अजून शाबूत दिसतात. जॉइंट उघडून धुवायचा, झीज नसेल तर नवे ग्रीस, नवा बूट. आवाज येत असता तर नुसता बूट घालणे म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हा अॅक्सल सांगणारा खरा ठरला असता. (मिस्त्रींना हार घालण्याची घाई नको. शाफ्ट न काढता चिकटवायचा चिरलेला बूट त्यांनीही स्वस्तात सुचवला होता. तो नम्रपणे नाकारला.)

आणखी एक. सुट्या भागांवर आपण २८ टक्के जीएसटी लावलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे. आपली परंपरेवरची निष्ठा वंदनीय, पण वरचे दहा टक्के सरकारला नकोत.

तरी सुधारित एस्टिमेट पाठवावे. त्यात डावा बाहेरचा बूट, ग्रीस, क्लिप, नट, गिअर ऑइल आणि एका बाजूचे एकदाच लेबर असावे. प्रत्येक भागापुढे पार्ट नंबर आणि तो कंपनीचा की लोकल, हे लिहावे. जॉइंट उघडल्यावर छर्रे किंवा त्यांच्या खाचा झिजलेल्या निघाल्या, तर काम थांबवून फोन करा. मी येऊन बोटाने चाचपून बघेन आणि अॅक्सलला तिथेच होकार देईन. काढलेला माल डिकीत ठेवावा.

पावसाळा तोंडावर आहे आणि बूट फाटकाच आहे. चिखल आत जायच्या आधी उत्तर यावे.

आपला,
एक गाडीमालक