थांबव जरा!

वाचनालयात आत्मचरित्र हाती लागलं की मी आधी त्याचे समास पाहतो. समास कोरे असतील तर पुस्तक परत कपाटात. पेन्सिलीने कोणी काही खरडलेलं असेल तरच ते घरी येतं. पुस्तकावर लिहायला सक्त मनाई असल्याची पाटी काउंटरवर असते आणि कादंबऱ्यांच्या बाबतीत वर्गणीदार ती बऱ्यापैकी पाळतात. कवितासंग्रहांच्या बाबतीत तर पूर्णच पाळतात, कारण ते कोणी उघडत नाही. पण आत्मचरित्र हातात पडलं की सभ्यातला सभ्य वर्गणीदार खिशात पेन्सिल चाचपू लागतो. लेखकाने ‘मी जन्मात कोणापुढे हात पसरला नाही’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात फक्त ‘१९६२?’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘ते पैसे परत केले होते.’ त्याखाली तिसरं हस्ताक्षर: ‘आणि व्याज?’

अशा पानावर मूळ लेखक पुढे काय म्हणतो याची मला फारशी फिकीर राहत नाही. स्वतःबद्दल माणूस जे सांगतो ती झाली जबानी, आणि जबानी कोणाचीही चांगलीच असते. लहानपणी गरिबी, पुढे कष्ट, मग यश, आणि सरतेशेवटी या सगळ्याचं श्रेय परमेश्वराला व मित्रपरिवाराला. आत्मचरित्राची खरी मजा उलटतपासणीत असते.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिचं वाचन काही दिवस बंद केलं आणि आमच्या घरी पुस्तकं ऐकण्याची प्रथा पडली. फ्रिजवर स्पीकर आला. जी पुस्तकं अ‍ॅपवर मिळतात ती स्पीकर वाचतो, जी मिळत नाहीत ती मी वाचतो. माझं मानधन म्हणजे दुसरा चहा. ऐकणं हे काही वाचन नव्हे, असं माझ्या एका मित्राचं ठाम मत आहे. मी त्याला विचारलं, “तुमच्याकडे चातुर्मासात पोथी लागायची तेव्हा आजोबा वाचायचे आणि बाकीचे ऐकायचे. पुण्य काय एकट्या आजोबांना लागलं?” तो म्हणाला, “पुण्याचं वेगळं.” यावर वाद घालता येत नाही.

आमचे चिरंजीवही ऐकतात, पण कानात बोंडं घालून आणि दुप्पट वेगाने. सवयी कशा बदलाव्यात यावरची बरीच पुस्तकं त्याने अशी संपवली आहेत. ओला टॉवेल गादीवर टाकायची सवय त्यांतल्या एकाही लेखकाच्या विचारात आलेली दिसत नाही.

आमचं ऐकणं मात्र उघड्यावर, सर्वांदेखत. आई मेथी निवडत बसलेली, बायको ओट्याशी, कुकर गॅसवर. पहिल्याच दिवशी आम्ही ‘स्मृतिचित्रे’ लावलं आणि पाच मिनिटांत आई म्हणाली, “थांबव जरा!”

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायवाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या या आठवणी १९३४ पासून चार भागांत आल्या आणि शेवटचा भाग बाहेर पडला तेव्हा त्या हयात नव्हत्या. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं येतं. ते इतकं कडक, की धुवायची वस्तू आणि न धुवायची वस्तू हा भेदच त्या घरात उरला नव्हता. आईने स्पीकर थांबवला तो इथे. तिला लक्ष्मीबाईंच्या वडिलांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिला स्वतःच्या आत्तेसासूबद्दल म्हणायचं होतं. ते तिने मेथीची जुडी संपेपर्यंत म्हटलं. नंतर लक्ष्मीबाई पुन्हा सुरू झाल्या आणि खरं सांगतो, दोघींच्या बोलण्यात सांधा दिसेना. वाक्य आटोपशीर, रागाच्या जागी हसू आणि हसण्याच्या जागी स्वतःचीच फजिती. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक मोठे कवी. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या पायांनी त्याच वाटेने गेल्या. एवढं सगळं सोसून त्या नवऱ्याचं देवघर मांडत नाहीत आणि त्याला पिंजऱ्यातही उभं करत नाहीत. तापट, भोळा, दानशूर, घरातून केव्हा निघून जाईल याचा नेम नसलेला हा माणूस त्या आपल्यासमोर नुसता चालता-बोलता सोडतात. आईचा निकाल एका वाक्याचा होता: “कवी लांबून बरे.”

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात येत चालली आहे. मराठीत मोठ्या पुरुषांची आत्मचरित्रं रगड आहेत, पण त्या पुरुषांची नीट ओळख व्हायची असेल तर बायकोचं पुस्तक मागावं. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चं. न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. रमाबाई पतीबद्दल पराकोटीच्या आदराने लिहितात. तरीही, ही मुलगी इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी काय काय ऐकवलं ते सांगायला त्या विसरत नाहीत. न्यायमूर्ती समाज सुधारत होते, पण त्या सुधारणेचे टोमणे माजघरात कोण खात होतं हे कुठल्याही सभेच्या वृत्तांतात सापडायचं नाही.

महर्षी कर्व्यांच्या घरी तर दोन्ही बाजूंची कागदपत्रं उपलब्ध आहेत. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ चं. शांत, संयमी, हिशेब चोख. त्यांच्या पत्नी बायांचं ‘माझे पुराण’ १९४४ चं. अण्णांनी आश्रमासाठी होतं नव्हतं ते दिलं, विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली, हे आपण शाळेत अभिमानाने वाचलेलं असतं. मी तो भाग मोठ्याने सांगितला, तर ओट्याशी लाटणं थांबलं. “पॉलिसी? बायकोला विचारून?” बायकोने विचारलं. मी म्हटलं, “अगं, भारतरत्न मिळालं त्यांना.” “ते १९५८ साली,” ती म्हणाली. “मी त्या महिन्याच्या किराणाचं विचारतेय.” माझ्या नावावरच्या पॉलिसीची चौकशी त्याच रात्री झाली, हे ओघाने आलंच.

यापुढची पायरी सुनीताबाई देशपांड्यांची. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा पु. ल. हयात होते. म्हणजे ही उलटतपासणी साक्षीदार कोर्टात हजर असताना झाली. त्या काळी मध्यमवर्गीय घरात या पुस्तकावरून उभे तट पडले होते आणि आमचं घर त्याला अपवाद नव्हतं. वडील म्हणत, घरातलं घरात ठेवावं. आई म्हणे, इतकी वर्षं ठेवलंच होतं की. वडील आता नाहीत. पुस्तक स्पीकरवर लागलं तेव्हा आईने त्यांची बाजूही स्वतःच मांडली, त्यांच्याच आवाजात, आणि लगेच खोडूनही काढली.

बायकोची साक्ष नसली की आई ती जागा भरून काढते. कोकणात जाताना गाडीत गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चालला होता. वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळतील म्हणून उत्तरेकडे निघाला आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. पुढे त्याने हे सगळं लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. आमच्या गाडीत झाशीवर तोफा सुरू झाल्या होत्या. मध्येच नकाशावाली बाई म्हणाली, “पुढे डावीकडे वळा.” तोफा थांबल्या, आम्ही वळलो, तोफा पुन्हा सुरू. भटजी जीव मुठीत धरून लपलेले, जवळचं सगळं लुटलं गेलेलं. मागच्या सीटवरून आवाज आला, “थांबव जरा! याने घरी पत्र घातलं होतं का?” एवढ्या मोठ्या इतिहासात हा प्रश्न कोणाला सुचावा! पण वरसईतही तो कोणाला तरी रोज पडत असणार. भटजी शेवटी गंगेची कावड घेऊन परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं, हे कळल्यावर आई नरमली. “बरं केलं,” ती म्हणाली. “पण पत्र घालायला हवं होतं.”

सगळ्याच पुस्तकांना असं तिखटमीठ लावून चालत नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ मी वाचून दाखवलं. १९७८ च्या या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. म्हणजे शिकून शहाण्यासुरत्या झालेल्या माणसापुढे त्याचाच जुना ‘मी’ बोलायला बसला आहे. बाहेरून कोणी उलटतपासणी करायची गरजच नाही, ती आतच चालू आहे. इथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सगळं गाव उभं राहतं, आणि ते गाव आपल्या ओळखीचं निघतं. आईने एकदाही ‘थांबव’ म्हटलं नाही. वाचन संपल्यावर तिने तिच्या माहेरच्या गावात पाणवठे किती होते आणि कोणासाठी कुठला होता ते नीट सांगितलं. हे ती आम्हाला याआधी कधीच बोलली नव्हती. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

आमची ही बैठक सोसायटीत बोलबाला होण्याइतकी जुनी झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका वर आले. ते सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांचं आत्मचरित्र स्वखर्चाने छापलेलं आहे. हा साहित्यप्रकार विकत मिळत नाही, तो बारशात आणि मुंजीत हातात येतो. आरंभी वंशावळ, मूळ पुरुष कोकणातून घाटावर कधी चढला ते. मग एका माजी कुलगुरूंची प्रस्तावना, जिच्यात कुलगुरू स्वतःबद्दलच बोलतात. मध्ये गुळगुळीत कागदावर रंगीत फोटो: मंत्रिमहोदय फीत कापताहेत आणि त्यांच्या कोपराआड काकांचा अर्धा चेहरा. बाकी साडेतीनशे पानं बदल्या. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून या जन्माबरोबर मागचे बारा जन्मही मुलाला सांगितले, हे मी एकदा काकांच्या कानावर घातलं होतं. त्यांना संक्षेपाचं महत्त्व कळावं एवढाच हेतू होता. ते म्हणाले, “बरोबर आहे, पण त्यांच्या बदल्या झाल्या नव्हत्या.”

आता काकांनी ते पुस्तक स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. “अत्र्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’चे खंडावर खंड लिहिले,” काका म्हणाले, “माझं आपलं एकच.” काकूही बरोबर आल्या होत्या. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. छपाई चालली होती तेव्हा त्या सुनेच्या बाळंतपणात होत्या आणि त्यानंतर नातवात. फ्रिजवरून काकांचा आवाज सुरू झाला. खालून काका स्वतः ओठ हलवत होते. धरणाच्या कामावर झालेली बदली आली. “वरिष्ठांचा आदेश येताच मी क्षणाचाही विलंब न लावता रुजू झालो. या कठीण काळात माझ्या पत्नीने मोलाची साथ दिली.” आणि आवाज पुढे सिमेंटच्या दर्जाकडे वळला.

“थांबव जरा!” या वेळी ते काकू म्हणाल्या.

“क्षणाचाही विलंब न लावता हे गेले,” काकू म्हणाल्या. “जीप आली, बसले, गेले. मागे मी, दोन मुलं आणि पाटा-वरवंट्यासकट बिऱ्हाड. धाकट्याला गोवर. ट्रकवाला म्हणाला, बाई, पाटा टाकून द्या, तिकडे दगड पुष्कळ आहेत. मी म्हटलं, दगड असतील, टाकी लावलेला पाटा कोण देणार? तो पाटा मांडीशी धरून मी ट्रकमध्ये पुढे बसले, पोराला पाट्यावर निजवलं. वाटेत टायर फुटलं. एका चहाच्या टपरीवर रात्र काढली. त्या टपरीवालीने पोराच्या अंगाला कडुनिंबाचा पाला लावला. सकाळी पोचले तर क्वार्टरला कुलूप, आणि किल्ली यांच्या खिशात. हे साइटवर.” आई मेथी सोडून ऐकत होती. बायकोने गॅस बारीक केला. काकूंना टपरीवालीच्या लुगड्याचा रंग आठवत होता, ट्रकवाल्याने घेतलेलं भाडं आठवत होतं, आणि काकांनी किल्ली देताना काय म्हटलं तेही. काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं. इथे सांगत नाही, काका हयात आहेत.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका चिडतील असं मला वाटलं होतं. ते टीपॉयवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काहीतरी टिपत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “टपरी घाटाच्या अलीकडे की पलीकडे?”

“अलीकडे. का?”

“हे पुस्तकात यायला हवं होतं. दुसऱ्या आवृत्तीत घालतो.”

“घाला की,” काकू म्हणाल्या. “पण मग सिमेंट काढा. आणि वर नाव माझं.”