वस्तादांचा दंड

मलकापुरात एखाद्या घरच्या पोराला एमबीबीएसला प्रवेश मिळाला की पुस्तकं यायच्या आधी पेशंट येतात. माझं नाव यादीत लागल्याचं पेठेत कळलं तेव्हा फीसुद्धा भरायची होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू गुडघा घेऊन ओट्यावर हजर. "काकू, अजून शिकायचंय," म्हटलं तर म्हणाल्या, "असू दे की, बगून तर ठेव." मी बघितला. गुडघा होता.

त्याच आठवड्यात मिरजेच्या एका सीनियरनं सामानाची यादी धाडली. दोन ॲप्रन, डिसेक्शन बॉक्स, बोन्सचा हाफ सेट, स्टेथोस्कोप, बीपी ॲपरेटस, नी हॅमर, ट्यूनिंग फोर्क. खाली त्या भल्या माणसानं लिहिलं होतं, की पहिल्या वर्षी ॲप्रन, बॉक्स आणि बोन्स सोडून काही घेऊ नकोस. बाकीचं फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये मिळतं आणि वॉर्ड पुढच्या वर्षी सुरू होतात. घरच्यांना यादी वाचून दाखवताना ही ओळ मी गाळली. पहिल्याच सुट्टीत गळ्यात नळी न घालता मलकापूरच्या स्टँडवर उतरायचं, तर मग प्रवेश कशाला घेतला?

खरेदीचं खातं मामाकडं आलं. मामा वर्षानुवर्षं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ घालणारा, त्यामुळं समोरचा माणूस किती रुपयांवर मोडतो हे त्याला चेहरा बघून कळतं अशी घरात श्रद्धा. आम्ही पंचेचाळीसेक किलोमीटरचा एसटीचा प्रवास करून कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलच्या परिसरातल्या एका सर्जिकलच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं तीन नळ्या मांडल्या. पहिली काहीशे रुपयांची देशी, दुसरी तिच्याहून बरी पण देशीच, आणि तिसरी मखमली खोक्यातली अमेरिकन लिटमॅन.

तिसरीकडं बघून माझा श्वास अडकला. दुकानदारानं ओळखलं आणि पोथी उघडली. डेव्हिड लिटमॅन हे अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ, १९६०च्या सुमारास त्यांनी ही हलकी, चपळ नळी बनवली, १९६७ साली थ्रीएम कंपनीनं त्यांचा उद्योग विकत घेतला, वगैरे. मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्या नळीत नि त्या नळीत फरक काय?"

"आवाज, मामा. आवाज स्पष्ट येतो."

"काळीज तर त्येच हाय न्हवं?"

दुकानदार गप्प झाला. आपलंही ज्ञान दिसावं म्हणून मी मध्ये पडलो. म्हटलं, मामा, १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी करून छातीवर टेकवली आणि ठोके जास्तच स्वच्छ ऐकू आले. तोच पहिला स्टेथोस्कोप. मामा म्हणाला, "मग तूबी कागूदच गुंडाळ की. हितं कशाला आलायस?"

पुढं घासाघीस झाली. मामानं नेहमीचा डाव टाकला, म्हणजे 'चला रं' म्हणून पायरी उतरला. गुळाच्या अडतीवर अशा वेळी मागून हाक येते. इथं आली नाही. कोपऱ्यावर आम्ही बराच वेळ उसाचा रस पीत उभे राहिलो, तरी आली नाही. परत जायचं तर मामाची अब्रू जायची. म्हणून आम्ही तसेच मलकापूरला आलो.

पुढच्या पंधरवड्यात मामाच्या ओळखीतल्या एकानं मुंबईहून 'तीच ती, फक्त बिल नाही' अशी नळी आणून दिली. किंमत देशी नळीपेक्षा थोडी जास्त, अमेरिकन नळीच्या पासंगालाही न पुरणारी. लिटमॅन या नावात इंग्रजीत टी दोन आणि शेवटी एनही दोन. माझ्या नळीवर टी एक आणि एनही एकच. एवढ्या पैशात अक्षरंसुद्धा बेतानंच येणार! मी त्या जागी चिकटपट्टी लावून वर स्वतःचं नाव लिहिलं.

पहिला प्रयोग आजोबांवर. सगळं घर गोळा झालं. मी कानांत टोकं घातली, छातीवर चकती टेकवली आणि डोळे मिटले. काही नाही. जागा बदलली, तरी काही नाही. आजोबा माझ्याकडं बघत होते, म्हणजे हयात होते. तरी मी गंभीर चेहऱ्यानं "चांगलंय" म्हणालो आणि घरानं सुस्कारा सोडला. मुंबईवाल्यानं गंडवलं म्हणून मी मनात त्याला शिव्या घातल्या, पण पुढं मिरजेत एका सीनियरनं नळी हातात घेऊन दोन गोष्टी दाखवल्या. कानातली टोकं नाकाच्या दिशेनं पुढं झुकलेली हवीत, मी ती मागं वळवून घालत होतो. आणि चकतीला दोन तोंडं असतात, बारीक आवाजाला पडद्याची बाजू आणि घोगऱ्या आवाजाला घंटीची. मान फिरवून एक उघडलं की दुसरं बंद. मी नेमकं बंद तोंड आजोबांच्या छातीला लावलं होतं. बनावट नळीत ठोके ऐकू येत होते, अगदी ठणठणीत. तिचा खरा दोष आमच्या शाहूवाडी तालुक्याच्या पावसानं दाखवला. पहिल्याच पावसाळ्यात रबरावर पांढरी बुरशी धरली आणि तिचा वास माझ्या ॲप्रनला वर्षभर पुरला.

बोन्सचं थोडक्यात सांगतो. ती दुकानात जाऊन निवडायची नसतात, सीनियरकडून घ्यायची आणि ज्युनियरला द्यायची असतात. एके काळी आपला देश जगभरच्या कॉलेजांना सांगाडे पुरवायचा, १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. माझ्या वाट्याला आलेला संच किती हातांतून आला होता देव जाणे. मांडीच्या हाडावर तीन पिढ्यांची नावं आणि एका मुलीच्या नावाचं बाणबिण काढलेलं हृदय होतं. दिवाळीत अभ्यासासाठी म्हणून ही पिशवी मलकापूरला आणली तर आईनं ती उंबऱ्याबाहेरच अडवली. आजी मात्र परड्यात ठेवलेल्या पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "बाईचं हाय का बाप्याचं?" मला सांगता येईना. पुढं ॲनाटॉमीच्या व्हायव्हाला परीक्षकांनी कमरेचं हाड हातात देऊन हाच प्रश्न विचारला. तेव्हाही मला सांगता आलं नाही.

आता फोर्क. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातून दीडेकशे वर्षांपूर्वी इथं सतारी-तंबोरे बनू लागले, २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. हॉस्टेलवरून गावात जाताना दुकानांत टांगलेले भोपळे दिसायचे. माझ्या डोक्यात मामाचं रक्त उसळलं. ट्यूनिंग फोर्क म्हणजे सुराचाच चिमटा, मग तो सर्जिकलवाल्याकडून महागात का घ्या? मी एका कारागिराच्या दुकानात गेलो आणि १२८, २५६ आणि ५१२चे फोर्क मागितले.

तो म्हातारा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवत होता. मान वर न करता म्हणाला, "तिन्ही एकच की. पांढरी एक. सप्तकं तेवढी वेगळी. आणि आमच्या पेटीपेक्षा जरा उतरलेली." हे मला आमच्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. जगभरच्या डॉक्टरांच्या झोळीतले हे चिमटे एकाच 'सा'वर जुळलेले असतात, हे ऐकून मला भरून आलं. मग त्यानं स्पष्ट सांगितलं की डॉक्टरी फोर्क त्याच्याकडं नाही. आहे तो गिटारवाल्यांचा ४४०चा, म्हणजे पांढरी सहा. "तुमच्या कामाचा न्हाई तो," असंही सांगितलं. पण किंमत तिसरा हिस्सा होती.

प्रॅक्टिकलला पार्टनरच्या घोट्याच्या हाडावर मी पांढरी सहा टेकवली. हाडाला कंप जाणवतो का ते बघायचं असतं. त्यासाठी १२८चा जाडजूड, खाली बूड असलेला फोर्क लागतो, त्याची थरथर सावकाश आणि बराच वेळ टिकते. माझ्या फोर्कची थरथर इतकी बारीक की टेकवेपर्यंत विरून जायची. पार्टनर प्रामाणिकपणे "नाही", "नाही" म्हणत गेला आणि मी वहीत दोन्ही पायांची कंपसंवेदना गेल्याचं नोंदवलं. संध्याकाळी तो कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळणार होता. सरांनी वही वाचली, फोर्क मागितला, टेबलाच्या कडेवर वाजवून कानाशी धरला आणि म्हणाले, "सूर गोड आहे. कुणाकडं शिकतोस?"

एवढं होऊनही मी बीपी मशीन घेतलंच. लॅबमधलं पाऱ्याचं यंत्र नीट चालत होतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण ते मलकापूरला नेता येत नव्हतं. मी घड्याळाच्या काट्याचं घेतलं, एका जागी 'शेवटचा नग' म्हणून निम्म्या किमतीत. काटा शून्यावर न येता दहाच्या आसपास विसावायचा, तेवढे मी वजा करायचो, ज्या दिवशी आठवण राही त्या दिवशी. आणि दंडाला बांधायचा कफ जरा आखूड होता.

आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद साठीचे. तरुणपणी खासबाग मैदानात कुस्त्या केलेले, आणि दंड अजून असा की सदऱ्याची बाही शिंप्याकडून मुद्दाम सैल करून घ्यावी लागायची. सुट्टीत मी तालमीत यंत्र घेऊन बसलो तेव्हा तेच पहिले पुढं आले. कफ दंडाभोवती पोचेना. दोन पठ्ठ्यांनी दोन्ही टोकं ओढून धरली, मी फुगा दाबला, ठोके ऐकले आणि घाबरलो. एकशे नव्वद. परत बघितलं, एकशे नव्वद. मी पुस्तकातली सगळी वाक्यं एका दमात म्हणालो. मीठ बंद, लोणचं बंद, मटण बंद, तांबडा-पांढरा तर बघायचासुद्धा नाही. आणि दवाखान्यात दाखवून या. वस्तादांनी पहिलं सगळं ऐकलं आणि शेवटचं सोडून दिलं. घरचा डॉक्टर असताना दवाखान्यात कशाला जायचं?

नंतर एका तासाला सर सांगू लागले. इटलीच्या रिवा-रॉचीनं १८९६ साली दंडाला बांधायची पट्टी आणली ती जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होती. १९०१ साली जर्मनीच्या फॉन रेकलिंगहाउझेननं दाखवून दिलं की अरुंद पट्टीनं बीपी उगाचच जास्त भरतं, आणि त्यानं ती रुंद केली. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या चाळीस टक्के आणि लांबी ऐंशी टक्के हवी. मी मागच्या बाकावर बसून वस्तादांच्या दंडाचा घेर आठवत होतो. बाकीची मुलं लिहून घेत होती. माझ्या वहीत त्या दिवशीचं पान कोरं आहे.

पुढच्या सुट्टीत गेलो तर वस्ताद ओसरीवर बसलेले, गालफडं उतरलेली. वस्तादीणबाईंनी मला आत येऊ दिलं पण चहा विचारला नाही. अळणी आमटीवर राहणाऱ्या माणसाचा स्वभाव घरच्यांनाच सोसावा लागतो. मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मोठा कफ काढला, पाच मिनिटं शांत बसवलं, मोजलं आणि म्हणाले, "एकशे तीस. या वयाला छान आहे. औषध कुठलं चालू आहे?" वस्तादांनी माझ्याकडं बोट केलं.

वाटेत ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर बाही वर करून दंड माझ्यापुढं धरला. "ह्याला ल्हान पोराचं फडकं बांधलंस व्हय रं?" मी मान हलवली. "मग आता रविवारी मटण तुज्याकडं. तालमीतली समदी येत्यात."

खाटकाकडं मामा बरोबर होता. त्यानं भावाची बोलणी केली, 'चला रं' म्हणून पायरीसुद्धा उतरला. खाटीक आमच्याच पेठेतला, त्यानंही हाक मारली नाही. शेवटी जे बिल झालं त्यात मोठ्या कफासकट चांगलं नवं बीपी मशीन आलं असतं, वर १२८चा फोर्क. रविवारी तालमीच्या मागच्या पटांगणात चूल पेटली. वस्ताद पहिल्या पंगतीला बसले आणि तांबड्याच्या तिसऱ्या वाटीला त्यांनी मला पोटभर आशीर्वाद दिला. बाकीच्या सगळ्या पैलवानांची बीपी मी त्याच यंत्रानं मोजली होती आणि त्यांनाही मीठ सोडायला लावलं होतं, हे मात्र मी शेवटची पंगत उठेपर्यंत बोललो नाही.